शिजवलेली बालदी आणि दगड चढणारी गाडी

आमच्या घरात एक गाडी आहे. ती चालू केली की सगळ्यात आधी स्वयंपाकघराकडे बघते.

बघते म्हणजे तिची पुढची दोन्ही चाकं आपोआप डावीकडे वळतात, थरथरतात आणि तशीच राहतात. रिमोट तेव्हा सोफ्यावर असतो, त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. गाडी चपलांच्या कपाटावर ठेवलेली आहे आणि तिथून डावीकडे स्वयंपाकघराचं दार येतं. आमचे हे गेल्यानंतर नातीने ती पहिल्यांदा चालू केली तेव्हा मी ओट्याशी मेथी निवडत होते. टर्रर्र असा बारीक आवाज झाला. वळून बघते तर गाडी माझ्याकडे तोंड करून उभी.

"चहा हवाय?" मी विचारलं.

"मला?" नात म्हणाली.

"तुला नाही."

नातीने मग मला समजावलं. पुढची चाकं वळवायला गाडीत एक छोटी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. ती जुनी झाली, आतून झिजली, की चालू झाल्याबरोबर भलतीकडे वळते. मी मान डोलावली. हेही शेवटी शेवटी उठल्याबरोबर भलतीकडेच वळायचे, न्हाणीघराकडे निघायचे आणि माझ्या ओट्याशी येऊन उभे राहायचे. झिजण्याचा मुद्दा मला पटला. चहा मात्र मी ठेवला. दोन कप.

गाडी मांजराएवढी आहे. खेळण्यातल्या गाड्या धावतात तशी ती धावत नाही. दगडावर चढते. अगदी हळू, एकेक चाक चाचपत, पोट घासत, लटकत. क्रॉलर म्हणतात तिला. मी घोरपड म्हणते. नात लोअर परळच्या एका ऑफिसात आठवडाभर कॉम्प्युटरकडे डोळे लावून बसते आणि रविवारी ही घोरपड दगडांवर चढवते. काही मुली नाचायला जातात, काही डोंगरावर जातात. आमची एका जागी उभी राहून गाडीला डोंगरावर पाठवते. आळस तिच्या आजीकडून आलाय.

गाडी नातीची, पण तिच्यात नातीचं आता फारसं काही नाही. ह्यांनी तिची सगळी हाडं बदलली.

हे गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर लालबागच्याच एका गल्लीत लेथवर बसले, आणि पुढे मुलाने "आता पुरे" म्हणून घरी बसवलं तरी त्या गल्लीत रोज एक फेरी असायचीच. धातू सोडून दुसरी वस्तू ह्यांना वस्तूच वाटायची नाही. ताटात वाढलं की आधी ताटाच्या कडेला नखाने टिचकी मारून कान द्यायचे, मग जेवायचे. मी एकदा म्हटलं, आमटीला पण एक टिचकी मारा. मारली. साडीवर डाग पडला.

नातीने गाडीचा डबा उघडून दाखवला तेव्हा हे चष्मा लावून बसले आणि गाडीचा एकेक भाग बोटांत धरून वाकवून बघायला लागले. "ह्या सगळा प्लॅस्टिक," म्हणाले. मालवणी ह्यांच्या तोंडात शेवटपर्यंत होती, मुंबईचं पाणी तिला कधी लागलंच नाही. "ह्या दगडार चढतला? माझी कवळी ह्याच्यापेक्षा घट असा."

तेव्हापासून हे दोघे गाडीला लागले. गल्लीतल्या लेथवर जाऊन ह्यांनी पितळेची जाड कडी बनवली आणि चाकांच्या आत बसवली. चाकं वजनदार झाली, गाडी खालून जड झाली, आणि चढावर पूर्वी उलटायची ती आता जमिनीला धरून राहायला लागली. नात खूश. मग ह्यांना जोर चढला. चाकांना गाडीच्या अंगाशी जोडणारे दांडे अ‍ॅल्युमिनियमचे केले. सर्व्होच्या टोकाला एक छोटा दांडा असतो, चाकं खेचणारा. त्याला हे सर्व्होचा कान म्हणायचे. तो पोलादाचा केला. नात म्हणाली, "आजोबा, कान प्लॅस्टिकचाच असू दे. झटका बसला तर तो तुटतो, बाकी वाचतं." हे म्हणाले, "तुटण्यासाठी कोण वस्तू करता गो?"

मी ओट्याशी ऐकत होते. मला बोलल्याशिवाय राहवेना. "प्लॅस्टिकला काय झालंय? इतकी वर्षं माझ्या घरात आहे, कधी गंजलं नाही, कधी कल्हई मागितली नाही."

हे वळले. आणि इतक्या वर्षांनी, नातीच्या देखत, बालदी वर काढली.

ती बालदी सांगायलाच हवी, नाहीतर आमच्या घरातलं भांडण कुणाला कळायचं नाही.

मी लग्न होऊन मालवणकडच्या एका गावातून लालबागच्या चाळीत आले तेव्हा मला वाटायचं, मुंबई म्हणजे प्लॅस्टिक. गावाला तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासून माझी नखं काळी झाली होती. ज्या वस्तूला घासावं लागत नाही ती स्वर्गातूनच उतरली असणार, असं त्या मुलीचं ठाम मत. त्या मुलीला मी आता 'ती' म्हणते. माझा तिच्याशी फारसा संबंध नाही. डोक्यात अबोली, पायात नवे पैंजण आणि दोन्हींच्या मधल्या भागात अकलेची रिकामी घागर. तिने भायखळ्याच्या बाजारातून लाल प्लॅस्टिकची बालदी आणली आणि चाळीच्या गॅलरीतून ती डोक्यावर मुकुट धरल्यासारखी मिरवत नेली.

चाळीत पत्र्याच्या बालदीत पाणी भरून ती शेगडीवर ठेवायची रीत होती. अंघोळीचं पाणी असंच तापायचं, सगळ्यांकडे. त्या मुलीने ते पाहिलं होतं. बालदी होती, बालदीत पाणी होतं, शेगडी पेटलेली होती. ह्या तीन गोष्टींत तिला काही अडचण दिसली नाही.

आधी वास आला. मग धूर आला. मग सबंध तळमजला आला. सासूबाई मोरीतून ओल्या हाताने धावत आल्या, शेगडीवर पसरलेला तो लाल गोळा आणि विझलेले निखारे त्यांनी पाहिले, आणि गॅलरीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "सुनेन बालदी शिजयल्यान!" मग आत येऊन मला, अगदी गंभीरपणे, "मीठ घातलंस काय गो तिका?"

पुढे कित्येक वर्षं चाळीत मला कुणी सरळ 'आज जेवायला काय' असं विचारलं नाही. "काय वहिनी, आज बालदी का?" हेच. माझ्या मुलाच्या बारशालाही कुणीतरी विचारलं.

हे पहिल्या पाळीहून आले. शेगडीला चिकटलेला गोळा कानशीने खरवडून काढायला बसले. खर्र, खर्र. माझ्याकडे बघितलंही नाही. सगळं निघाल्यावर एवढंच म्हणाले, "जां आगीक भिता, तां घरात आणू नये."

त्या मुलीला वाटलं, आपला नवरा फार खोल बोलतो. रात्रभर रडली. आज मला वाटतं, एवढं खोलबिल काही नव्हतं, माणसाला भूक लागली होती आणि शेगडी बंद होती.

असा आमचा संसार. हे धातूचे, मी प्लॅस्टिकची. कपड्यांचे चिमटे, पिठाचे डबे, गॅलरीतली खुर्ची, प्रत्येक ठिकाणी लढाई. शेवटची लढाई भाजीच्या पाटावरून झाली. गुडघे वाकेनासे झाले, विळीवर बसता येईना, म्हणून सुनेने मला पांढऱ्या प्लॅस्टिकचा चांगला जाड पाट आणून दिला, उभ्याने भाजी चिरायचा. हे त्याच्याकडे रोज बघायचे. सुरीचे चरे पडलेले, हळदीचे डाग. मी एकदा त्याच्यावर फोडणीची तापलेली पळी ठेवली, तर चंद्रकोरीसारखा खड्डा पडला. हे तिथेच उभे होते. नुसते हवेत मीठ टाकल्यासारखी बोटं चोळत निघून गेले.

आता खालच्या पार्किंगचं सांगते.

आमची चाळ पाडून तिच्याच जागी हा टॉवर उभा राहिला. आम्ही आता इतक्या वर राहतो की कावळेसुद्धा खिडकीशी दमून येतात. आणि जिथे आमची खोली होती तिथे गाड्या लावतात. ह्यांनी ती जागा शोधून काढली होती. नाक्यावरचं जुनं पिंपळाचं झाड आणि समोरच्या देवळाचा कळस ह्यांच्यावरून नजर लावून, गिरणीत मशीन बसवताना बघायचे तशी. दोन खांबांच्या मधल्या जागेवर उभे राहून म्हणाले, "हयसर मोरी. हयसर शेगडी. हय तुझी बालदी."

दुपारी पार्किंग रिकामं असायचं. आम्ही दोघं क्रॉलर घेऊन खाली जायचो. रिमोट ह्यांच्या हातात. आणि हे ती गाडी आमच्या खोलीतून फिरवायचे. सिमेंटच्या त्या सपाट जमिनीवर काहीच नव्हतं, तरी गाडी एका जागी थांबायची, वळायची, सरळ जायची, पुन्हा वळायची. मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. हे तिला दारांतून नेत होते. गॅलरीतून दारात, दारातून खोलीत, पलंगाला वळसा घालून मोरीच्या कट्ट्याशी. मी रिमोट मागून घेतला आणि गाडी सरळ हाकली तर केवढ्याने ओरडले, "भित्तीतसून खंय नेतंस? दारातसून ने!"

वॉचमनने मान वर करून बघितलं. मला हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला. कारण मी गाडी मागे घेतली, दाराशी आणली, आणि दारातून नेली. दार कुठे आहे ते मलाही ठाऊक होतं.

एक दिवस माझा पाट नाहीसा झाला. ओट्यावर नाही, सिंकखाली नाही, कपाटात नाही. मी फ्रीजमध्ये पाहिलं, गादीखाली पाहिलं, देव्हाऱ्याच्या मागे पाहिलं. हे खुर्चीत बसून मला शोधताना बघत होते. "वायच आठव," म्हणाले. "अक्कल ठेवतंस थंयच ठेवलेलो आसतलंस." मी घाबरले होते, पण दाखवलं नाही. माझ्या आईचं शेवटी असंच सुरू झालं होतं, आधी वस्तू हरवल्या, मग माणसं. सुनेने दुसरा पाट आणला आणि विषय संपला. माझ्या मनात तो संपला नाही. रोज सकाळी उठल्यावर मी घरातल्या सगळ्यांची नावं मनातल्या मनात म्हणून बघायचे. ह्यांचं नाव मी जन्मात उच्चारलं नव्हतं, तेही म्हणायचे. गंमत बघा.

आणि मग ह्या उन्हाळ्यात हे गेले. दुपारी चहा मागितला, मी ठेवला, आणि गाळेपर्यंत गेले.

त्यानंतर घरात खर्र खर्र असा आवाज यायला लागला. दुपारचा. कानशीचा. मुलगा म्हणाला, सरकत्या खिडकीची फट आहे, वारा घुसतो. खरं असेल. पण वारा मधे थांबून फुंकर मारत नाही. कानस चालवणारा माणूस मधेच थांबून भुसा फुंकतो. हा आवाज थांबायचा, मग फू असं व्हायचं, मग पुन्हा खर्र.

मी कुणाला बोलले नाही. पाट हरवणारी बाई असलं काही बोलायला लागली तर घरातले डॉक्टरकडे नेतील.

नातीने एक दिवस कपाटावरून गाडी उतरवली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "आजी, हिचं थोडं काम करावं लागेल. हे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे काढते. प्लॅस्टिकचे घालते."

"का?"

"दगडाला चावतात गं. धातू दगडाच्या कडेवर अडकतो, मग गाडी लटकते. प्लॅस्टिक घसरून पुढे जातं. आणि तो पोलादी कान पण काढते."

"हात लावायचा नाही."

"आजी—"

"ते ह्यांच्या हातचं आहे."

"मला माहितेय. पण चालत नाहीये ती नीट. आजोबा असते तर—"

"असते तर तुला घरातून हाकललं असतं. दांडे काढलेस, कान काढलास, मोटर बदललीस, मग उरलं काय? दुकानातली गाडी. दुकानातल्या गाडीला मी दोन कप चहा कशाला ठेवू?"

हे बोलून गेले आणि जीभ चावली. चहाचं कुणाला माहीत नव्हतं.

नात माझ्याकडे बघत राहिली. ती मोठी शहाणी मुलगी आहे, चहाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "ठीक आहे. एकदा आहे तशी चालवून बघू. दगडांवर. तू पण चल. नीट चालली तर मी स्क्रूसुद्धा हलवणार नाही. अडकली तर तू सांगशील तसं."

म्हणून आम्ही रविवारी सकाळी ओहोटीला टॅक्सीने वरळी कोळीवाड्याकडे गेलो. नातीने मला हात धरून गल्लीतून किनाऱ्याशी नेलं. काठ्यांवर बोंबील वाळत होते, त्यांच्या वासाने मला भूक लागली. एक कोळीण पाटीत मासे वेगळे करत बसली होती, तिने मला एक उलटा क्रेट सरकवून दिला. समोर काळे दगड, शेवाळ, मधे मधे पाण्याची डबकी.

नातीने गाडी खाली ठेवली, चालू केली. टर्रर्र. चाकं डावीकडे वळली. डावीकडे मी होते.

"काय ते?" कोळणीने विचारलं. "घोरपडीवानी चालतं."

मला ती बाई लगेच आवडली.

गाडी चढली. खरंच चढली. पितळेची चाकं दगडाला अशी धरून राहिली की नात स्वतःशीच "वा आजोबा, वा" म्हणाली. पहिला दगड झाला, दुसरा झाला. मी मान ताठ केली. मनात म्हटलं, बघ म्हणावं प्लॅस्टिकवालीला. मग लक्षात आलं, जन्मभर प्लॅस्टिकवाली मीच होते. नवरा गेल्यावर बाई अशी पक्ष बदलते.

तिसऱ्या दगडाला टोकदार कड होती. गाडी अर्धी वर गेली आणि थांबली. खालचे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे कडेवर बसले ते बसलेच. नातीने मागे घेतली, पुढे घेतली, चाकं डावी उजवी केली. मग आतून कट्ट असा आवाज आला, दात तुटल्यासारखा, आणि पुढची चाकं लुळी पडली.

"कान नाही तुटला," नात हळूच म्हणाली. "तो तुटणारच नव्हता. आतले गिअर गेले."

चाकं वळत नव्हती. गाडी दगडाच्या कडेवर पोटावर लटकली होती, मागची चाकं हवेत गरगर फिरत होती. आणि भरती सुरू झाली होती. आधीच्या डबक्यांमधून आता पाणी एकमेकांकडे सरकत होतं.

"पानी भरतंय गो," कोळीण म्हणाली. "आता ग्येला ते. पोरीला पाठवू नको, शेवाल हाय."

नातीने चपला काढल्या होत्या.

"मागे ये," मी म्हटलं. ती पुढे निघाली. एका दगडावरून पाय सरकला, हात टेकला, पुन्हा उभी राहिली. "मागे ये गो बाय! राहू दे! त्यांना राहू दे तिथेच!"

ती थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. 'त्यांना' हा शब्द तिने ऐकला होता. कोळणीनेही ऐकला असावा, तिचे हात पाटीत थांबले.

मी ऐकलं नव्हतं. म्हणजे बोलल्यावर ऐकलं.

नात गेलीच. गुडघाभर पाण्यात पोचली, गाडी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. दांडे सुटेनात. तिने जोर लावून ती दगडावरून सरळ खेचली, शंखशिंपल्यांच्या धारदार खपल्यांवरून, पोट खाली घासत. तो आवाज मी ओळखला. खर्र. खर्र. मग ती परतली, ओली, खरचटलेली, गाडी बाळासारखी छातीशी धरून.

मी तिला दोन शिव्या दिल्या, एक मालवणी आणि एक मुंबईची. तिने गाडी माझ्या मांडीवर उलटी ठेवली, पाणी निथळायला.

गाडीच्या पोटाला एक चपटी पट्टी असते, दगडावर घासायला. ह्यांनी अगदी शेवटी बसवलेली. चंदेरी. ह्यांनी नातीला सांगितलं होतं, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे. आता तिच्यावरची चांदी निघाली होती. साल निघावी तशी, रंगाच्या पापुद्र्यांनी. खाली पांढरं होतं.

मी अंगठ्याने उरलेला रंग खरवडला. सुरीचे चरे. एकमेकांवर चढलेले, गवार चिरताना पडतात तसे. एका बाजूला हळदीचा पिवळा डाग. आणि कोपऱ्यात, अर्धा कापला गेलेला, चंद्रकोरीसारखा खड्डा.

"आजी?" नात म्हणाली. "प्लॅस्टिक आहे हे. आजोबांनी प्लॅस्टिक लावलं? आणि वरून रंगवलं?"

लोकांचं पितळ उघडं पडतं. आमच्या ह्यांचं प्लॅस्टिक उघडं पडलं, तेही समुद्रकाठी, परक्या बाईसमोर.

मी आधी हसले. मग असा राग आला की क्रेटवरून उठून उभी राहिले, गुडघ्यांना विचारलंच नाही. समुद्राकडे तोंड करून ओरडले, "चोर! माझो पाट! मी फ्रीजमध्ये बघत होते तेव्हा बसून बघत होतात! अक्कल म्हणे! मी रोज सकाळी नावं म्हणत होते माहितेय? तुमचं पण म्हणत होते! एवढं पटलं होतं तर तोंडाने बोलायला काय झालं होतं? मीठ घातलं असतं मी त्याला!"

लाटेचा आवाज झाला. कोळणीने नातीला विचारलं, "कोनावर वरडतंय आजी?"

"आजोबांवर."

"कंय हान ते?"

"गेले ते."

कोळणीने एक मासा उचलला, डाव्या पाटीत टाकला. "मंग बरा," म्हणाली. "आता मधी बोलाचे न्हाय."

टॅक्सी करी रोडच्या पुलावर आल्यावर नात म्हणाली, "तुला सांगायला लाजले असतील. बालदीमुळे."

"लाजले कसले. मी जिंकले हे मला कळू द्यायचं नव्हतं." मग मी म्हटलं, "घाल तुझे प्लॅस्टिकचे दांडे. आणि कान पण."

"नक्की?"

"पितळ राहू दे. चाकातलं. आणि पोटाला हात लावायचा नाही, रंगवायचं पण नाही. उघडं राहू दे. लोकांना दिसू दे."

तिने सगळं केलं. नवा सर्व्हो आणला, प्लॅस्टिकचा कान, काळे दांडे. जुने दांडे आणि तो पोलादी कान मी धुऊन, पुसून, लवंगांच्या रिकाम्या डबीत ठेवले. गाडी चालू केली तेव्हा मी मुद्दाम ओट्याशी उभी होते, पाठ करून. टर्रर्र झालं नाही. वळून बघितलं तर चाकं सरळ, समोर भिंतीकडे. माझ्याकडे बघायचं काही कारण तिच्यात उरलं नव्हतं.

त्या दुपारी मी एकच कप ठेवला. खिडकीत वारा होता. नुसता वारा. मधे थांबला नाही.

आम्ही गाडी घेऊन पार्किंगमध्ये गेलो, नवीन दांडे बघायला. नातीने रिमोट घेतला आणि गाडी दोन खांबांच्या मधून सरळ सोडली.

"तिथे भिंत आहे," मी म्हटलं.

तिने गाडी थांबवली. रिकाम्या सिमेंटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी बोटाने दाखवलं, कुठून. तिने गाडी मागे घेतली, दाराशी आणली, वळवली, आत नेली. पलंग मी सांगितला. मोरीच्या कट्ट्यापाशी तिने गाडी आपणच थांबवली. ही पोर त्या खोलीत कधी राहिलेली नाही, चाळ पडल्यावर जन्मली. ह्यांनी तिलाही शिकवून ठेवलं होतं की काय, मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. माझा पाट चांगला हातभर लांब होता आणि गाडीचं पोट तळहाताएवढं. म्हणजे बाकीचा पाट कुठेतरी आहे. घरात आहे. फिटर माणूस उरलेला तुकडा फेकत नाही, कधीतरी लागेल म्हणून लपवतो. मी रोज दुपारी एकेक जागा बघते. पंख्याच्या खोक्यात पाहिलं, देव्हाऱ्याच्या मागे पुन्हा पाहिलं. प्रत्येक कपाट उघडताना वाटतं, हे आधी इथे येऊन गेलेत आणि आता मागे खुर्चीत बसून बघताहेत. वायच आठव.

काल नात स्टुलावर चढून माळ्यावर काहीतरी शोधत होती. बराच वेळ लागला. मग धूळ झटकत खाली उतरली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माळ्यावर काही नाही हां, आजी."

हात तिने पाठीमागे धरले नव्हते. पण केसांत पांढरा प्लॅस्टिकचा कीस होता, बारीक, करवतीने कापल्यावर पडतो तसा.

"बरं," मी म्हटलं, "मग उद्या पलंगाखाली बघते." आणि तिच्या केसांतला तो कीस तिला कळणार नाही असा काढून टाकला.